वारशाच्या वस्तूंनी स्वयंपाकघर सजवताना: शेगडीपासून किती दूर?

घरातल्या सगळ्या खोल्यांमध्ये जुन्या वस्तूंना सर्वांत जास्त छळणारी खोली म्हणजे स्वयंपाकघर. तेथे रोज वाफ कोंडते, तेलाचे बारीक तुषार हवेत उडून भिंतींवर बसतात, ओल्या हातांनी वस्तू उचलल्या जातात आणि घाईत त्या पडतातही. तरीही आजीचे लाटणे दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात उभे करून ठेवले, की ते पाहुण्यासारखे अवघडून बसलेले वाटते. ज्या कामासाठी ते घडले त्या कामाच्या आसपासच ते शोभते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असल्यामुळे, वारशाची वस्तू हाती घेतल्यावर ‘ही कुठे छान दिसेल’ या प्रश्नाच्या आधी ‘ही शेगडीपासून किती दूर असायला हवी’ हा प्रश्न विचारावा, असे माझे मत आहे. पुढची सगळी पद्धत याच प्रश्नाभोवती बेतलेली आहे.

आधी सगळे बाहेर काढावे

माळ्यावरच्या पेट्या, कपाटांचे मागचे कप्पे, कधीही न उघडणारा सर्वांत खालचा खण, या सगळ्यांतल्या वस्तू एकाच दिवशी बाहेर काढून मोठ्या चादरीवर मांडाव्यात. हे काम थोडे थोडे करून होत नाही, कारण सगळ्या वस्तू एकत्र दिसल्याशिवाय कोणती खरोखर जवळची आहे आणि कोणती केवळ टाकवत नाही म्हणून राहिली आहे, हे कळत नाही. प्रत्येक वस्तूचे दोन फोटो काढावेत, त्यांतला एक तळाचा असावा. घडवणाऱ्याचा शिक्का, कोरलेली आद्याक्षरे किंवा जुना डाग बहुधा तेथेच सापडतो. एका वहीत वस्तू कोणाची, घरात कधी आली, कशासाठी वापरत आणि ही माहिती कोणी सांगितली, एवढ्या चार गोष्टी लिहाव्यात.

घरातल्या वडीलधाऱ्यांना माहिती विचारायची असेल तर ती फोनवर विचारू नये. वस्तू त्यांच्या हातात द्यावी आणि मग विचारावे. आमच्या घरातल्या लाटण्याचे एक टोक दुसऱ्यापेक्षा दिसण्याइतके झिजलेले आहे. आम्ही तो सुताराचा दोष समजत होतो आणि ते तासून सारखे करून घेण्याचे ठरलेही होते. आजीच्या धाकट्या बहिणीने ते हातात घेतले, दोनदा रिकाम्या टेबलावरून फिरवले आणि म्हणाली, “ताई डावखुरी होती ना, तिचा सगळा भार इकडे यायचा.” सुताराकडे जायचा बेत त्याच दिवशी बारगळला.

यानंतर वस्तूंचे तीन गट करावेत: वापरायच्या, पाहायच्या आणि जपून ठेवायच्या. चौथाही एक गट असतो, तो म्हणजे कोणाला तरी देऊन टाकायच्या वस्तूंचा, आणि तो जितका मोठा निघेल तितके स्वयंपाकघर मोकळा श्वास घेईल. किती वस्तू मांडाव्यात याला माझा ठोकताळा असा, की उघड्यावर ठेवलेल्या सगळ्या वस्तू अर्ध्या तासात पुसून होत असतील तर संख्या ठीक आहे; त्याहून अधिक वेळ लागत असेल तर महिन्याभरात त्यांवर चिकटा बसेल आणि सजावटीची अडगळ होईल.

येथेच एक नाजूक मुद्दा उरकून घ्यावा. वारशाची वस्तू क्वचितच एकट्याची असते. भांड्याला भोक पाडून त्याचा दिवा करणे, जुना रंग खरवडणे, वही सुटी करून पाने चौकटीत लावणे, असे परत न फिरवता येणारे काहीही करण्यापूर्वी भावंडांना आणि चुलतभावंडांना एकदा विचारावे. ज्या वस्तूची वर्षानुवर्षे कोणी चौकशी केली नाही, तिच्यावर ड्रिल मशीन चालले की सगळ्यांना तिची आठवण येते.

स्वयंपाकघराचा नकाशा

कोणती जागा किती त्रासदायक आहे याचा अंदाज डोळ्यांनी नीट येत नाही, म्हणून एक साधा प्रयोग करावा. सहा-सात पांढऱ्या बशा घेऊन त्या शेगडीजवळ, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, कपाटांच्या माथ्यावर, फ्रीजवर, खिडकीत आणि दाराजवळच्या फळीवर ठेवाव्यात आणि दोन आठवडे त्यांना हात लावू नये. मग प्रत्येक बशीवरून कोरडा टिश्यू पेपर फिरवावा. कोठे नुसती धूळ निघते, कोठे पिवळट चिकट थर निघतो आणि कोठे टिश्यू अडखळतो, ते नकाशावर लिहून ठेवावे. याच काळात सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी ऊन कोठपर्यंत येते, तेही भिंतीवर पेन्सिलीने बारीक खूण करून नोंदवावे. ऋतूनुसार उन्हाची तिरीप सरकते, म्हणून खुणेच्या अलीकडे-पलीकडे हातभर जागा संशयाची मानावी.

बहुतेक घरांत या प्रयोगातून एक अनपेक्षित गोष्ट कळते. सजावटीसाठी सर्वांच्या आवडीची जागा, म्हणजे छताजवळच्या कपाटांचा माथा, ही वाईट जागांपैकी एक असते, कारण गरम हवा तेलाचे तुषार घेऊन वर जाते आणि तेथेच साचते. फ्रीजच्या माथ्यावर ऊब आणि बारीक थरथर असते, त्यामुळे चिनी मातीची वस्तू हळूहळू कडेकडे सरकते. सिंकखालच्या कपाटात ओल असते. तेथे लाकूड, कागद किंवा लोखंड ठेवू नये.

आता शेगडीभोवती तीन वर्तुळे कल्पावीत. पहिले वर्तुळ हात लांब केल्यावर पोहोचते तेवढे, साधारण ७५ सेंटिमीटरांचे. शेगडीच्या वरची संपूर्ण भिंतही यातच धरावी. दुसरे सुमारे दोन मीटरपर्यंतचे, ज्यात बहुधा सिंक आणि ओट्याचा उरलेला भाग येतो. तिसरे त्यापलीकडचे: दाराची भिंत, जेवणाच्या टेबलामागची भिंत, समोरचे बंद कपाट. पहिल्या वर्तुळात फक्त रोज वापरात असलेली धातूची किंवा दगडाची वस्तू असावी. रोज वापरलेले भांडे रोज घासले जाते, त्यामुळे त्यावर चिकटा साचायला वेळच मिळत नाही. शेगडीजवळ टिकणारी ‘सजावट’ म्हणजे वापरातली कढई, दुसरे काही नाही. कापड, कागद आणि सुकवलेली फुले तेथे ठेवणे हा नुसता सौंदर्याचा प्रश्न नाही, ती आगीला दिलेली संधी आहे. स्वयंपाकघर फारच लहान असेल आणि तिसरे वर्तुळच मिळत नसेल, तर काचेचे दार असलेले एक उथळ कपाट करून घ्यावे. बंद दार हेदेखील एक प्रकारचे अंतरच असते.

कोणती वस्तू पुन्हा वापरात आणता येईल

हा भाग सर्वांत जास्त काळजीने वाचावा, कारण येथे सजावटीची चूक तब्येतीवर निघू शकते.

तांब्याची आणि पितळेची भांडी आतून कल्हई असेल तरच शिजवण्यासाठी वापरावीत. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. आंबट पदार्थ त्यातले तांबे ओढून घेतो आणि अन्न कळकते. कल्हई म्हणजे कथिलाचा पातळ थर, आणि कथिल २३२ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून कल्हईचे भांडे रिकामे शेगडीवर तापत ठेवू नये आणि तारेच्या घासणीने घासू नये. आतल्या राखाडी थरातून लालसर किंवा पिवळा धातू डोकावू लागला की पुन्हा कल्हई करून घेईपर्यंत ते भांडे पाहायच्या गटात जाते. बाहेरच्या बाजूचा तपकिरी काळपटपणा हा धातूवर बसलेला स्थिर थर असतो आणि तो ठेवायला हरकत नाही. हिरवी भुकटी मात्र धातू खात असते, ती काढलीच पाहिजे. लिंबू आणि मीठ लावले की पितळ झटकन उजळते, परंतु आम्ल जास्त वेळ ठेवले तर पृष्ठभागातले जस्त निघून जाऊन गुलाबी डाग पडतात, त्यामुळे मिनिटभरात धुऊन लगेच कोरडे करावे. कोरलेली अक्षरे असतील तेथे घासणे शक्यतो टाळावे. प्रत्येक घासणीबरोबर अक्षराची कड किंचित बोथट होते आणि पन्नास वर्षांनी नाव वाचता येत नाही.

बिडाची कढई किंवा तवा ही वारशातली सर्वांत उदार वस्तू आहे, कारण ती गंजली तरी परत येते. गंज सैल असेल तर तारेच्या घासणीनेच निघतो. घट्ट बसला असेल तर सम प्रमाणात पाणी आणि व्हिनेगर घेऊन त्यात अर्धा तास ठेवावे, अधूनमधून पाहावे, घासावे, धुवावे आणि लगेच शेगडीवर ठेवून पूर्ण कोरडे करावे. रात्रभर भिजवल्यास आम्ल गंजाबरोबर लोखंडही खाऊ लागते. मग आतून-बाहेरून तेलाचा हात फिरवून, ते तेल जणू चुकून लागले आहे अशा रीतीने फडक्याने पुसून काढावे आणि भांडे उपडे करून ओव्हनमध्ये २०० ते २३० अंशांवर तासभर तापवावे. तेलाचा थर तापून कडक होतो आणि लोखंडाला चिकटून बसतो. असे तीन-चार वेळा केल्यावर काळी तुळतुळीत झाक येते. तेल जाड लावले तर झाक येत नाही, चिकट डाग येतात. ओव्हन नसेल तर शेगडीवर, खिडक्या उघड्या ठेवून, धूर येईपर्यंत तापवून हेच काम थोड्या जास्त फेऱ्यांत होते. भांडे घरातच वापरले जात होते याची खात्री मात्र करून घ्यावी: जुन्या बिडाच्या भांड्यांत कधीकधी शिसे वितळवले जाई, त्यामुळे ज्याचा इतिहास कोणालाच ठाऊक नाही ते भांडे भिंतीवरच बरे.

चिनी मातीची आणि रंगीत झिलईची जुनी भांडी ही सर्वांत फसवी. जुन्या झिलईत आणि चित्रांच्या रंगांत शिसे असू शकते, लाल-पिवळ्या-नारिंगी रंगांत कॅडमियम हा विषारी धातू असू शकतो, आणि आंबट किंवा गरम पदार्थ ते सोडवून घेतो. घरगुती चाचणीपट्टीवर काही दिसले नाही एवढ्यावर भरवसा ठेवू नये. खात्री हवी असेल तर प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे, नाहीतर भांडे केवळ शोभेचे मानावे. झिलईवर केसासारख्या भेगांचे जाळे दिसत असेल तर ते भांडे तसेही खाण्यासाठी नको, कारण भेगांत ओल आणि अन्नाचे अंश शिरतात. टवका उडालेली एनॅमलची भांडी, जड नक्षीदार काचेचे पेले आणि सुरया यांनाही हाच नियम लावावा. पारंपरिक लेड क्रिस्टल काचेत शिशाचे ऑक्साइड २४ टक्के किंवा अधिक असते आणि त्यात पेय दिवसेंदिवस ठेवणे योग्य नाही. सोनेरी कडेची ताटली मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये, ठिणग्या उडतात, आणि डिशवॉशरमध्येही नको, सोने उडते.

शोभेची म्हणजे निरुपयोगी नव्हे. तडा गेलेल्या बरणीत लाकडी चमचे उभे ठेवता येतात, टवका उडालेल्या मगमध्ये पेन आणि कात्री राहते, सुरईत एक फांदी छान दिसते. अन्नाचा संबंध तोडला की वापराला पुष्कळ वाटा मोकळ्या असतात.

लाकडी लाटणे, परात, पाट आणि चमचे यांना पाण्यात भिजत ठेवू नये. कोमट पाण्याने पटकन धुऊन, उभे ठेवून वाळवावे आणि महिन्या-दोन महिन्यांनी खाद्य दर्जाच्या खनिज तेलाचा हात द्यावा. रोजचे स्वयंपाकाचे तेल चोळले तर ते काही काळाने खवट होते. काही जण जवसाचे तेल पसंत करतात. ते लाकडात मुरून घट्ट होते आणि काम चांगले करते, परंतु तेल पुसलेली फडकी चुरगळून डब्यात टाकली तर ती आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून ती पाण्यात भिजवावीत किंवा मोकळ्यावर पसरून वाळवावीत. लाकडी वस्तूखाली पिठासारखी बारीक भुकटी पडत असेल तर आत भुंगा आहे असे समजावे. लहान वस्तू हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवली की कीड मरते. रंगवलेल्या किंवा जडावाच्या वस्तूवर हा उपाय करू नये.

चांदी काळी पडते ती गंधकामुळे, आणि गंधक रबर, लोकर आणि अंड्यातही असते, म्हणून चांदीचे चमचे रबरबँडने बांधून ठेवू नयेत. जुना मिक्सर, टोस्टर किंवा विजेची किटली मांडायची असेल तर वायर कापून टाकावी. आतले रबर वाळून तडकलेले असते आणि कोणीतरी पाहुणा उत्साहाने प्लग लावतोच.

हस्ताक्षर: मूळ आत, प्रत बाहेर

पाककृतींची वही हा माझ्या दृष्टीने स्वयंपाकघरातला सर्वांत मोलाचा वारसा आहे, आणि तिच्या बाबतीत सर्वांत जास्त चुका होतात. मी स्वतः एक केली आहे. आईच्या वहीतले एक पान, ज्यावर तिने समासात “मीठ नंतर” असे दोनदा अधोरेखित करून लिहिले होते, ते मी हौसेने चौकटीत लावून ओट्यासमोरच्या खिडकीशेजारी टांगले. वर्षभराने चौकट पुसायला काढली तेव्हा निळी शाई फिकट राखाडी झाली होती, आणि काचेला टेकलेल्या भागात कागद ओलीने काचेलाच चिकटला होता. अधोरेखा अजून दिसते. शब्द आता फक्त ज्याला माहीत आहेत त्यालाच वाचता येतात.

यामागचे गणित सोपे आहे. संग्रहालये कागद आणि कापड यांच्यावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे पृष्ठभागावर पडणारा प्रकाश मोजण्याचे एकक) जास्त प्रकाश पडू देत नाहीत; ओट्यावर नीट काम करण्यासाठी लागणारा प्रकाश ३०० ते ५०० लक्स असतो, आणि खिडकीतले थेट ऊन त्याच्या कितीतरी पट. प्रकाशाची इजा साठत जाते आणि ती भरून येत नाही. म्हणून नियम एकच: भिंतीवर प्रत लावावी, मूळ पान अंधारात ठेवावे.

प्रत करण्यासाठी पान दर इंचाला ६०० ठिपके या प्रमाणात रंगीत स्कॅन करावे. वही जुनी असेल तर ती दाबून सपाट करू नये, वरून फोटो काढावा. प्रत काढताना डाग, दुमडलेला कोपरा, तेलाची पारदर्शक गोल खूण, काहीही पुसून ‘स्वच्छ’ करू नये, कारण त्या डागांवरूनच कोणते पान सर्वांत जास्त उघडले जात होते ते कळते. जाड, खडबडीत पोताच्या कागदावर छापलेली प्रत गुळगुळीत फोटो कागदापेक्षा मुळाच्या जवळ जाते. चौकटीत प्रत आणि काच यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची कड ठेवावी, म्हणजे दोन्ही एकमेकांना टेकत नाहीत.

मूळ वहीला चिकटपट्टी लावू नये. ती पिवळी पडते आणि तिचा डिंक कागदात उतरतो. लॅमिनेशन तर कधीच करू नये, कारण उष्णतेने वितळवून बसवलेले प्लास्टिक परत काढता येत नाही. पीव्हीसीच्या स्वस्त पाकिटांतून कालांतराने कागदाला मारक अंश बाहेर पडतात; पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रोपिलीनची पाकिटे घ्यावीत, सुटी पाने आम्लमुक्त पुठ्ठ्याच्या डब्यात ठेवावीत आणि तो डबा स्वयंपाकघरात न ठेवता झोपण्याच्या खोलीतल्या कपाटात, जमिनीपासून वर ठेवावा. ४० ते ६० टक्के आर्द्रता कागदाला मानवते. त्याहून बरीच वाढली की बुरशी धरते. जुन्या फोटोंनाही हेच सगळे लागू आहे.

रोजच्या कामासाठी वहीची आणखी एक प्रत काढून ती बांधून घ्यावी आणि ती खुशाल ओट्यावर वापरावी, तिच्यावर नव्या नोंदी कराव्यात, डाग पडू द्यावेत. घरातल्या लहानांना मूळ वहीपेक्षा ही प्रतच आपली वाटते.

कापडाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. भरतकाम केलेला रुमाल किंवा मेजपोस तिसऱ्या वर्तुळात, काचेआड, उन्हापासून दूर असावा. चौकटीत तो डिंकाने न चिकटवता मागच्या सुती कापडावर मोकळ्या टाक्यांनी शिवून घ्यावा. विटलेल्या आणि फाटलेल्या कापडाचा धड तुकडा कापून उशीच्या अभ्र्यावर लावण्यात मला काही गैर वाटत नाही, मात्र तो निर्णय एकट्याने घेऊ नये.

भिंत, फळी आणि वजन

जुनी भांडी जड असतात आणि माणसे त्यांचे वजन नेहमी कमी धरतात. पितळेची घनता पाण्याच्या सुमारे साडेआठ पट असते, बिडाची सात पटींहून थोडी जास्त, तर दगडाचा खलबत्ता लहान दिसला तरी चार-पाच किलो सहज भरतो. म्हणून अंदाज करू नये. प्रत्येक वस्तू काट्यावर ठेवून वजन लिहावे, बेरीज करावी, त्यात फळीचे वजन मिळवावे आणि येईल त्याच्या तिप्पट भार पेलेल असा आधार घ्यावा. दहा भांडी सरासरी दीड किलोची असली तर १५ किलो झाले. फळीचे पाच धरून २० किलो, म्हणजे आधार ६० किलोंचा हवा. ही तिप्पट वाटते तितकी चैन नाही, कारण वरचा डबा काढताना कोणीतरी फळीला धरून उभे राहतेच.

विटांच्या भिंतीत आठ मिलिमीटरचा प्लग (भोकात बसवून स्क्रू घट्ट धरणारी प्लास्टिकची नळी) आणि त्याला जुळणारा स्क्रू पुरतो, मात्र गिलावा दीड-दोन सेंटिमीटरचा असतो आणि तो भार पेलत नाही, त्यामुळे प्लग गिलावा ओलांडून विटेत किमान पाच सेंटिमीटर शिरला पाहिजे. हलक्या पोकळ ठोकळ्यांच्या किंवा जिप्सम बोर्डाच्या भिंतीला वेगळ्या प्रकारचे अँकर लागतात. भिंत ठोकून पाहावी, आवाज पोकळ आला तर दुकानदाराला भिंतीचा प्रकार सांगूनच सामान घ्यावे. स्विचच्या सरळ वर, खाली आणि बाजूला भोक पाडू नये, कारण आतल्या तारा त्याच रेषेत जातात. नळाच्या बाबतीतही तेच. अठरा मिलिमीटर जाडीच्या फळीला दर ६० सेंटिमीटरांवर आधार द्यावा, नाहीतर वर्षभरात ती मधून झोल खाते. चिकटवायचे हुक टाइल्सवर कितीही घट्ट वाटले तरी त्यांच्यावर वारसा टांगू नये. वाफ आणि तेल त्यांना मागून सोडवत आणतात आणि ते नेमके रात्री पडतात.

ताटल्या भिंतीवर लावण्यासाठी स्प्रिंगचे तारेचे धारक मिळतात. टोकांना प्लास्टिकचे आवरण असलेला आणि ताटलीच्या मापापेक्षा किंचित मोठा धारक घ्यावा. ताणून बसवलेला धारक ताटलीच्या कडेवर सतत दाब देत राहतो आणि जुनी झिलई टवके टाकते. फळीवर उभ्या ठेवायच्या असतील तर फळीला पुढे बोटभर उंचीची पट्टी ठोकून घ्यावी.

मांडणी आणि उजेड

मांडायला घेताना आधी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून भिंतीएवढा चौकोन आखावा आणि त्यात वस्तू मांडून पाहाव्यात. भिंतीवरच्या गटाचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरांवर आला की उभ्या माणसाच्या नजरेला तो सुखावतो. जेवणाच्या टेबलामागे बसून पाहायचे असल्याने तो वीतभर खाली घ्यावा. सगळे पितळ एका जागी, सगळी चिनी माती दुसऱ्या जागी अशी दुकानासारखी मांडणी मला रुचत नाही. एक मोठी वस्तू, तिच्याजवळ दोन लहान, आणि मग मोकळी भिंत, एवढे पुरते. मोकळी भिंत सोडायला धैर्य लागते. मांडून झाल्यावर तीन दिवसांनी एक वस्तू काढून पाहावी, बहुतेक वेळा ती परत ठेवावीशी वाटत नाही.

मागच्या भिंतीचा रंग वस्तूंनुसार निवडावा. तांबे आणि पितळ गडद हिरव्या किंवा निळसर राखाडी भिंतीवर उठून दिसतात, पांढरी चिनी माती कोणत्याही मध्यम रंगावर, आणि बीड फक्त फिकट भिंतीवर. दिवे २७०० ते ३००० केल्व्हिनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, आणि रंग खरे दाखवण्याचा निर्देशांक ९० किंवा अधिक असलेले घ्यावेत. थंड पांढऱ्या उजेडात पितळ आजारी दिसते. एलईडी दिव्यांतून अतिनील किरण नगण्य येतात आणि उष्णताही कमी, म्हणून कपाटाच्या आत तेच बरे.

सगळा वारसा जुनाच असला पाहिजे असेही नाही. दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा असतील तर रंगकाम करणाऱ्याला आधीच बजावावे, त्या पट्टीवर कागदी टेप लावून द्यावी आणि त्याआधी खुणांची मापे, तारखा आणि नावे एका लाकडी पट्टीवर उतरवून घ्यावीत. घर बदलले तर पट्टी बरोबर नेता येते. डब्यांवरची नावे छापील चिकटपत्त्यांऐवजी घरातल्या वेगवेगळ्या माणसांच्या अक्षरात लिहून घ्यावीत. नव्या कपाटाला जुन्या कपाटाच्या मुठी बसवणे हा खर्चाच्या मानाने सर्वांत जास्त समाधान देणारा बदल आहे: रोज वीस वेळा हात तेथे जातो. मुठीच्या दोन स्क्रूंमधले अंतर मात्र सुताराने भोके पाडण्यापूर्वी मोजून द्यावे, कारण जुनी मापे आजच्या मापांशी जुळतीलच असे नाही.

पुसणे

दुसऱ्या वर्तुळातल्या वस्तू पंधरवड्यातून एकदा, तिसऱ्यातल्या महिन्यातून एकदा पुसाव्यात. कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ सुती फडके, मग साध्या पाण्याचे फडके आणि शेवटी कोरडे, एवढाच क्रम असावा. तेलाचा थर ताजा असताना पाच मिनिटांत निघतो. सहा महिने राहिला की हवेने घट्ट होऊन त्याचे किटण होते आणि मग ते काढताना वस्तूवर ओरखडे उठतात. खाण्याचा सोडा किंचित खरखरीत असतो, तो चांदीवर, सोनेरी कडेवर आणि चित्रांवर चोळू नये. फक्त शोभेच्या पितळेला साफ केल्यावर मेणाचा पातळ थर दिला तर ते बराच काळ काळवंडत नाही. ज्यात अन्न शिजते त्याला मेण नको.

पुसताना एकेका वस्तूची जागा बदलून पाहावी, आणि त्याच वेळी सुरुवातीची वही जवळ ठेवावी. मदतीला घरातले लहान मूल असेल तर पुसण्याचे काम त्याच्याकडे द्यावे, वाचण्याचे आपण करावे. आमच्याकडे लाटणे पुसण्याची पाळी आली की धाकटी ते डाव्या हाताने धरून टेबलावर फिरवून पाहते, आणि उजव्या हाताने धरले की ते सरळ का जात नाही, हे दर वेळी नव्याने विचारते.